स्पेक्ट्रमला ४८ के मेमरी बसवली, तरी यंत्र १६ केच दाखवते: तपासणीचा क्रम

ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२ साली १६ के आणि ४८ के (किलोबाइट मेमरी) अशा दोन रूपांत बाजारात आला. भारतात पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ साली परवाना घेऊन त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती विकली. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत आजही ही यंत्रे सापडतात. त्यांत परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली १६ केची यंत्रेही असतात आणि हौसेने त्यांची अंतर्गत मेमरी ४८ केपर्यंत वाढवली जाते. अशी वाढवलेली यंत्रे माझ्याकडे वारंवार येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: यंत्र अजूनही १६ केच दाखवते. ही टिपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डांसाठी आहेत. आवृत्तीचा क्रमांक बोर्डावरच छापलेला असतो. पहिल्या आवृत्तीच्या बोर्डात वाढीव मेमरीसाठी वेगळे छोटे बोर्ड जोडावे लागते, त्यामुळे खालचे आयसींचे (चिपांचे) क्रमांक तिथे लागू पडणार नाहीत.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की यंत्र सुरू होते, पडद्यावर १९८२ च्या स्वामित्वाची (कॉपीराइटची) ओळ नीट उमटते, परंतु ४८ केचा कोणताही खेळ अर्धा भरला की मेमरी संपल्याचा संदेश येतो किंवा यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसऱ्या प्रकारात यंत्र थंड असताना व्यवस्थित चालते आणि पंधरा-वीस मिनिटांनी अडकते. तिसऱ्या प्रकारात मेमरीची मोजणी पूर्ण ४८ के दाखवते, तरीही कार्यक्रमातील अक्षरे आपोआप बदललेली दिसतात. हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण मालकाला मेमरी निर्दोष वाटते आणि तो कॅसेटला दोष देत बसतो. चौथ्या प्रकारात स्वामित्वाची ओळच येत नाही आणि पडदा रंगीत चौकटींनी किंवा उभ्या पट्ट्यांनी भरून राहतो.

पहिले तीन आणि चौथा यांतील फरक आधी समजून घ्यावा, कारण निम्मे निदान त्यातच आहे. स्पेक्ट्रमच्या पत्त्यांपैकी ० ते १६३८३ रॉमसाठी (यंत्राच्या कायमच्या कार्यक्रमासाठी), १६३८४ ते ३२७६७ खालच्या मेमरीसाठी आणि ३२७६८ ते ६५५३५ वरच्या, म्हणजे वाढीव मेमरीसाठी आहेत. पडद्यावरचे चित्र खालच्या मेमरीत साठवले जाते. त्यामुळे स्वामित्वाची ओळ स्वच्छ दिसत असेल तर प्रोसेसर, रॉम आणि खालची मेमरी बऱ्यापैकी ठीक आहेत आणि दोष वरच्या भागात शोधावा. ओळच येत नसेल, तर नव्या चिपांवर संशय घेण्याआधी वीजपुरवठा पाहावा.

खर्च नसलेली पहिली तपासणी: यंत्रालाच विचारावे

पेचकस हातात घेण्यापूर्वी यंत्राच्या बेसिक भाषेतील पुढील आज्ञा द्यावी (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणे):

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

यंत्राला सुरुवातीच्या तपासणीत सापडलेला शेवटचा चांगला पत्ता या आज्ञेने मिळतो. पूर्ण ४८ केसाठी उत्तर ६५५३५ आणि १६ केसाठी ३२७६७ यायला हवे. यांव्यतिरिक्त एखादा आकडा आला तर तो कागदावर लिहून ठेवावा, कारण त्या आकड्यावरून दोषाची जात ओळखता येते.

सुरू होताना रॉम वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक स्थानी २ हा आकडा लिहिते, नंतर खालून वर जात प्रत्येक स्थानातून दोनदा १ वजा करते आणि शून्य उरते का ते पाहते. शून्य उरले नाही तिथे तपासणी थांबते आणि त्याच्या मागचा पत्ता शेवटचा चांगला मानला जातो. आता समजा, पत्त्याची चौदाव्या बिटाची (बिटे शून्यापासून मोजून) तार चिपांपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी ४९१५२ या पत्त्यावर मागितलेले स्थान प्रत्यक्षात ३२७६८ हेच असते. तिथे आधीच शून्य झालेले असते, त्यामुळे तपासणी अडते आणि उत्तर ४९१५१ येते. तेराव्या बिटाची तार तुटली असेल तर ४०९५९ आणि शून्याव्या बिटाची तुटली असेल तर ३२७६८ येते. म्हणजे उत्तर अशा ठरावीक टप्प्यावर अडले असेल तर चिपा बदलू नयेत, पत्त्याच्या तारा आणि त्या वाहणारे आयसी तपासावेत. उत्तर ५१ हजार आणि वर काही असे आडनिडे असेल तर एखाद्या चिपेतील एकटीदुकटी पेशी गेलेली असण्याचा संभव अधिक. उत्तर नेमके ३२७६७ असेल तर वरच्या मेमरीचे पहिलेच स्थान नापास झाले आहे. याची कारणे अनेक असू शकतात आणि पुढील तपासण्या मुख्यतः त्यासाठीच आहेत.

मात्र ६५५३५ आले म्हणजे मेमरी निर्दोष आहे असे समजू नये. या तपासणीत २, १ आणि ० एवढेच आकडे वापरले जातात. त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादे कायमचे शून्यावर अडकले असेल तर रॉमला ते कळण्याचा मार्गच नाही. तिसऱ्या प्रकारचे लक्षण बहुतेक वेळा इथूनच येते.

वीजपुरवठा आणि जोडण्या

पुढची स्वस्त तपासणी अडॅप्टरची. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा असून त्याच्या पिनेचे आतले टोक ऋण असते. आपल्याकडे वायफाय राऊटर किंवा सेट-टॉप बॉक्ससोबत मिळणाऱ्या अडॅप्टरचे आतले टोक सहसा धन असते, आणि पिनेचा आकार सारखा दिसतो म्हणून तो लावला तर यंत्राची कायमची हानी होऊ शकते. त्यामुळे नवा अडॅप्टर लावण्यापूर्वी मल्टीमीटरने ध्रुव पाहणे सक्तीचे मानावे.

ध्रुव बरोबर असले तरी अडॅप्टरची ताकद पुरेशी असेलच असे नाही. वरच्या मेमरीच्या आठ चिपा आणि त्यांचे सोबती आयसी बसवल्यावर प्रवाहाची मागणी वाढते, आणि १६ केला पुरणारा थकलेला अडॅप्टर आता पुरत नाही. यंत्र चालू असताना, म्हणजे भारासह, व्होल्टेज मोजावे; अडॅप्टर नुसता प्लगमध्ये लावून मोजलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण भाराविना तो फसवा जास्त दिसतो. आतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) ५ व्होल्ट देण्यासाठी सुमारे २ व्होल्टची जागा मागतो, त्यामुळे त्याच्या प्रवेशाच्या पायावर ७ व्होल्टच्या बरेच वर राहिलेले असले पाहिजे. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या वस्त्यांवर शेतीपंप चालू झाले की घरातला विजेचा दाब उतरतो आणि साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरते. फक्त संध्याकाळी अडकणारे यंत्र सकाळी तपासले तर निर्दोष सापडते, म्हणून तक्रार ज्या वेळेची असेल त्याच वेळी मोजमाप घ्यावे.

मागच्या बाजूचा विस्तार जोड, ज्यावर जॉयस्टिक किंवा प्रिंटरचे उपकरण बसते, तो मोकळा करून यंत्र चालवून पाहावे. हे उपकरण काढताना किंवा लावताना वीज बंद असणे अत्यावश्यक आहे. चालू यंत्रात ते हलले तर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अंतर्गत व्होल्टेज बनवणारा ट्रान्झिस्टर जळतो, त्यापाठोपाठ खालच्या मेमरीच्या चिपाही जातात. पट्ट्यांवर काळसर थर असेल तर तो शाळेच्या साध्या खोडरबराने अलगद घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा. पॉलिश पेपर वापरू नये, त्याने मुलामा निघून जातो.

झाकण उघडल्यावर

झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन पातळ रिबिनी बोर्डाला जोडलेल्या असतात याचे भान ठेवावे. चाळीस वर्षांत त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होते आणि वाकवल्यावर तडकते. रिबिन तुटली तर मेमरीचा दोष बाजूला राहून कीबोर्डाचा नवाच दोष पदरी पडतो. माण आणि खटावच्या कोरड्या हवेत, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, अंगावरची स्थितिक वीज चिपा मारू शकते. नायलॉनचे कपडे टाळावेत आणि चिपेला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

आधी नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने पाहावे. वरच्या मेमरीच्या चिपा आयसी १५ ते आयसी २२ या जागी असतात. प्रत्येक चिपेची खाच बोर्डावर छापलेल्या खुणेच्या दिशेनेच आहे ना, एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला नाही ना, दोन डाखांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही ना, हे पाहावे. दुमडलेला पाय वरून पाहिल्यास बरोबर बसल्यासारखा दिसतो, म्हणून बाजूने उजेड टाकून पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचा दोष याच पायरीवर उघडा पडतो आणि सोल्डरची गन तापवावी लागत नाही.

महाबळेश्वर, पाटण, कोयनेच्या बाजूला पावसाळ्यातील दमटपणामुळे स्वस्त सॉकेटांच्या पात्यांवर हिरवट गंज चढतो. अशा वेळी प्रत्येक चिप चिमट्याने दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलून काढावी, पाय स्वच्छ करावेत आणि पुन्हा बसवावी. सॉकेटच थकले असेल तर ते बदलण्याचा निर्णय घ्यावा. चिप वारंवार दाबून बसवणे हा उपाय आठवडाभर टिकतो. सांगलीत २०१९ च्या महापुरात भिजलेली यंत्रे मात्र वेगळ्या जातीची आहेत. गाळ सॉकेटच्या आत आणि चिपांच्या पोटाखाली बसतो, वरून बोर्ड धुतलेला दिसला तरी आत ओलावा आणि क्षार राहतात. अशा बोर्डाला वीज देऊन पाहण्याचा मोह आवरावा आणि तो थेट जाणकाराकडे द्यावा.

चिपा सॉकेटवर असतील तर इथे एक मोलाची चाचणी विनाखर्च करता येते. वीज बंद करून वरच्या आठही चिपा काढाव्यात आणि यंत्र सुरू करावे. ते १६ के म्हणून नीट सुरू झाले पाहिजे. खालच्या मेमरीची डेटा लाईन प्रोसेसरपासून रोधकांनी वेगळी केलेली असते, पण वरची मेमरी थेट प्रोसेसरच्या लाईनवर असते. त्यामुळे एखादी वरची चिप आतून शॉर्ट झाली तर ती सगळे यंत्र अडवून धरते. चिपा काढल्यावर यंत्र चालले तर दोषी त्या आठांतच आहे. काढूनही चालले नाही तर वरच्या मेमरीचा विचार सोडून द्यावा.

लिंकची तार

ज्या काळी ६४ केच्या चिपा महाग होत्या, त्या काळी सिंक्लेअरने खर्च वाचवण्यासाठी अर्धवट दोषी ६४ केच्या चिपा वापरल्या, ज्यांचा ३२ केचा एकच अर्धा भाग चांगला असे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ४५३२ आणि ओकीच्या एमएसएम ३७३२ या त्या चिपा. कोणता अर्धा भाग चांगला आहे हे टेक्साससाठी ३ किंवा ४ आणि ओकीसाठी एल किंवा एच या खुणेवरून कळते, आणि त्यानुसार बोर्डावरच्या लिंकच्या तारा जोडाव्या लागतात. म्हणून आठही चिपा एकाच उत्पादकाच्या आणि एकाच खुणेच्या असाव्या लागतात. सात चिपा ३ खुणेच्या आणि एक ४ खुणेची असेल तर त्या एका बिटात मेमरी वाट्टेल तशी वागेल आणि चिप मात्र दुसऱ्या यंत्रात निर्दोष ठरेल.

आज बहुतेक जण ४१६४ ही पूर्ण ६४ केची चिप बसवतात. तिचे दोन्ही भाग चांगले असल्याने लिंक कोणत्याही बाजूला चालते. मात्र लिंकची तार मुळीच नसेल तर निवडीचा पाय लोंबकळत राहतो आणि दोष कधी येतो, कधी जातो. ४१६४ घेताना तिच्या १२८ ओळींच्या रिफ्रेशच्या (मेमरीतील मजकुराला सतत उजाळा देण्याच्या) प्रकाराचाच आग्रह धरावा. झेड८० प्रोसेसरचा रिफ्रेशचा मोजक सातच बिटांचा आहे, म्हणजे तो १२८ ओळींनाच उजाळा देतो. २५६ ओळींची चिप बसवली तर लिहिलेले लगेच वाचल्यास बरोबर येते आणि काही सेकंदांनी विरून जाण्याचा धोका राहतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या चिपा अजून मिळतात, पण घासून नवे आकडे छापलेला मालही त्यांत असतो. थिनरच्या बोळ्याने छाप सहज पुसला गेला तर ती चिप परत करावी. जुन्या आयबीएम एक्सटी प्रकारच्या संगणकाच्या भंगार बोर्डावरून काढलेल्या चिपा माझ्या मते अधिक भरवशाच्या असतात.

कोणती चिप, हे ठरवणे

यंत्र स्वतःला १६ केच समजत असले तरी वरच्या पत्त्यांवर लिहिता-वाचता येते. प्रथम क्लिअर ३२७६७ ही आज्ञा द्यावी आणि पुढील कार्यक्रम टंकावा (पोक म्हणजे त्या पत्त्यावर आकडा लिहिणे):

१० फॉर ए = ३२७६८ टू ६५५३५ स्टेप २५७
२० पोक ए, २५५
३० नेक्स्ट ए
४० पॉज ५००
५० फॉर ए = ३२७६८ टू ६५५३५ स्टेप २५७
६० इफ पीक ए <> २५५ देन प्रिंट ए, पीक ए
७० नेक्स्ट ए

पॉज ५०० मुळे दहा सेकंदांचा विराम मिळतो आणि रिफ्रेशचा दोषही उघड होतो. त्या वेळात कोणतीही कळ दाबू नये, नाही तर विराम तुटतो. स्टेप २५७ मुळे पत्त्याचे खालचे आणि वरचे दोन्ही भाग बदलत राहतात आणि चाचणी लवकर संपते. सर्व पत्ते तपासायचे असल्यास स्टेप काढून टाकावी, पण त्याला बराच वेळ लागतो. नंतर दोन्ही ठिकाणी २५५ ऐवजी ० घालून चाचणी पुन्हा करावी, म्हणजे १ वर अडकलेली बिटेही सापडतील.

लिहिलेला आणि वाचलेला आकडा यांतील फरक काढावा. फरक १ असेल तर आयसी १५, २ असेल तर १६, ४ असेल तर १७, ८ असेल तर १८, १६ असेल तर १९, ३२ असेल तर २०, ६४ असेल तर २१ आणि १२८ असेल तर २२. उदाहरणार्थ, २५५ च्या जागी २२३ वाचले गेले तर फरक ३२, म्हणून आयसी २० संशयित. फरक ४८ आला तर १९ आणि २० या दोन्ही. सॉकेट असेल तर संशयित चिपेची शेजारच्या चिपेशी अदलाबदल करून चाचणी पुन्हा घ्यावी. दोष चिपेबरोबर सरकला तर चिप वाईट, जागेवरच राहिला तर सॉकेट, डाख किंवा तार वाईट. ही अदलाबदल न करता नवी चिप विकत घेऊ नये.

आठही बिटे एकदम चुकत असतील तर आठ चिपा एकाच वेळी गेल्या असे मानण्यात अर्थ नाही. अशा वेळी वरच्या मेमरीचे सोबती आयसी तपासावेत: एक ७४एलएस३२, एक ७४एलएस०० आणि पत्ते वाटून देणारे दोन ७४एलएस१५७. मेमरी वाढवताना चिपा बसवून यांपैकी एखादा विसरलेला असणे हे अगदीच दुर्मीळ नाही. हे आयसी स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत.

मल्टीमीटर चालू यंत्रात

वरच्या चिपांना ५ व्होल्टच लागतात: पाय ८ वर धन ५, पाय १६ वर जमीन (ग्राउंड). ४.७५ ते ५.२५ यांच्या बाहेरचा आकडा चालणार नाही. खालच्या मेमरीच्या ४११६ चिपा, आयसी ६ ते आयसी १३, मात्र तीन व्होल्टेजांवर चालतात: पाय १ वर ऋण ५, पाय ८ वर धन १२ आणि पाय ९ वर धन ५. यावरून लक्षात येईल की ४१६४ चुकून ४११६ च्या जागी बसवली तर तिला ५ व्होल्टच्या पायावर १२ व्होल्ट मिळतात आणि ती तत्काळ मरते. ऋण ५ व्होल्ट नाहीसे झालेले आढळले तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे, कारण त्या आधाराविना १२ व्होल्ट मिळत राहिले की ४११६ चिपा एकामागोमाग एक जातात. मल्टीमीटरचे टोक दोन पायांवर घसरले तरी हेच होते. ज्यांचा हात स्थिर नाही त्यांनी ही पायरी दुसऱ्याकडून करून घ्यावी.

इथे थांबावे

ऋण ५ किंवा धन १२ व्होल्ट नसणे, सॉकेट नसलेली चिप सोल्डरमधून काढावी लागणे, बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली जाणे, पुराच्या पाण्याचा गंज आणि फेरांटीने बनवलेल्या यूएलए आयसीवरचा (पडद्याचे चित्र तयार करणाऱ्या खास चिपेवरचा) संशय, या पाच प्रसंगी घरची दुरुस्ती थांबवावी. अडॅप्टरचे मुख्य विजेचे पोट आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण तर अनुभव नसेल तर उघडूच नये. ट्यूबमधला विद्युतभार टीव्ही बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. स्पेक्ट्रमचा बोर्ड दोन्ही बाजूंनी पट्ट्यांचा आहे आणि छिद्रांच्या आत धातूचा मुलामा आहे. सकरने सोल्डर ओढताना तो मुलामा चिपेच्या पायाबरोबर निघून आला तर पुढची दुरुस्ती मूळ दोषापेक्षा महाग पडते. चिप वाईट ठरलेलीच असेल तर तिचे पाय कटरने कापून एकेक पाय स्वतंत्रपणे काढण्याची पद्धत बोर्डासाठी सर्वांत सुरक्षित आहे.

यासाठी संगणकाच्या आधुनिक दुकानात जाऊन उपयोग होत नाही, तिथे सुटे भाग अखंड बदलले जातात. सांगली, मिरज किंवा साताऱ्यात ज्यांनी रंगीत टीव्हीचे बोर्ड आयुष्यभर दुरुस्त केले आहेत, असे कारागीर शोधावेत. बोर्ड देताना सोबत एक कागद द्यावा. त्यावर पहिल्या आज्ञेचे उत्तर, चाचणीत आलेले पत्ते आणि फरक, भारासह मोजलेले अडॅप्टरचे व्होल्टेज, लिंकची सध्याची जागा आणि यंत्र थंड असताना चालते की नाही हे लिहावे. आयसी ६ ते १३ या तीन व्होल्टेजांच्या आणि १५ ते २२ या एकाच व्होल्टेजच्या चिपा आहेत, हेही ठळक लिहावे, कारण दिसायला दोन्ही सारख्याच सोळा पायांच्या आहेत.